नकार ऐकल्यानंतर द्यायचं चित्र: काय काढावं, कशावर काढावं, कसं द्यावं

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कशाला देतेय ते स्पष्ट राहील. ग्रुपमधली एक मैत्रीण तुला मनापासून आवडते. गेल्या दिवाळीत तू तिला तसं सांगितलंस. ‘मला तसं वाटत नाही, पण मैत्री राहू दे,’ असं तिने नीट उत्तर दिलं आणि बोलणंचालणं आजही पूर्वीसारखं आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा वाढदिवस आहे. तिच्या एका फोटोवरून दोन फुटांचं ऑइल पोर्ट्रेट करायचं तुझ्या मनात आहे. नाहीच जमलं तर वारली, कारण ती सोपी वाटते. चित्रकला म्हणशील तर शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलेली, त्यानंतर ब्रश हातात धरलेला नाही. ती वेंगुर्ल्याची, सध्या पुण्यात पीजीत राहते. तुझ्या हातात दीड महिना आहे. वयाने तू माझ्या विद्यार्थ्यांएवढा दिसतोस, म्हणून अरे-तुरे करते.

तू माध्यमाबद्दल विचारलंयस, पण खरी अडचण विषयाची आहे. तिने उत्तर दिलेलं आहे. आता तू जे काही हाताने करून देशील, त्यातून तोच प्रश्न तिला पुन्हा विचारला जातो की नाही, यावर सगळं अवलंबून आहे. मी गेली अनेक वर्षं जलरंग शिकवते आणि लोकांसाठी भेटचित्रंही करते. भेट द्यायचं चित्र असलं की मी एकच कसोटी लावते: घेणाऱ्या माणसाला ते घरात सहज ठेवता आलं पाहिजे. तिची आई पुण्याला आली, टेबलावरचं चित्र उचलून म्हणाली, ‘छान आहे गं, कुणी काढलं?’ तर तिला ‘आमच्यातल्या एकाने, वाढदिवसाला दिलं’ एवढं सांगून मोकळं होता यावं. पुढे दोन वर्षांनी तिचं लग्न ठरलं तरी ते चित्र खोक्यात लपवायची वेळ तिच्यावर येऊ नये. आकार, विषय, माध्यम, सही, देण्याची पद्धत हे सगळं याच एका गोष्टीवरून ठरतं.

आधी दोन गोष्टी तुझ्या तूच तपासून घे, कारण त्या मला इथून दिसत नाहीत. बोलणं पूर्वीसारखं आहे हे तुझं मत आहे. तिचंही तसंच आहे का? दिवाळीनंतर ती तुझ्याशी एकटी असताना बोलते, की चारचौघांत असतानाच? उत्तरं तुटक झालीत का, भेटी टाळते का? असं काही असेल तर यंदा चित्र देऊ नकोस. बाकीच्यांबरोबर वर्गणी काढून जे घ्याल त्यात सहभागी हो आणि तेवढ्यावर थांब. दुसरी गोष्ट म्हणजे तुमच्या ग्रुपमध्ये अशा भेटी देण्याची पद्धत आहे का. एकमेकांना हाताने केलेलं काहीबाही देत असाल, तर तुझं चित्र त्यात सामावून जाईल. सगळे जण केक कापून मोकळे होत असतील आणि तू एकटाच फ्रेम घेऊन उभा राहिलास, तर चित्र कितीही साधं असलं तरी ते साधं राहणार नाही. ते तुमचं तुम्हालाच ठाऊक. पुढचं सगळं मी, नातं मोकळं आहे आणि भेट चालण्यासारखी आहे असं धरून लिहितेय.

पोर्ट्रेट नको. हे मी ठामपणे सांगते, आणि ते तुझ्या हाताच्या तयारीमुळे नाही. उद्या तू उत्तम पोर्ट्रेट काढायला लागलास तरी हेच सांगेन. कुणाचा चेहरा रंगवायचा म्हणजे त्या चेहऱ्याकडे तासन् तास बघायचं. पापणी कुठे दुमडते, ओठाची कोर कुठे विरते, हनुवटीखाली सावली किती. समोर बसलेल्या माणसाला ते माहीत असतं, त्याची परवानगी असते, कंटाळा आला की तो उठून पाणी प्यायला जातो. फोटोवरून, न सांगता केलेल्या चित्रात हे काहीच नसतं. चित्र उघडल्यावर तिला पहिल्यांदा काय जाणवेल? की आपल्याला न कळता कुणीतरी इतका वेळ आपल्याकडे पाहत होतं. तुझ्या मनात त्यात कितीही माया असो, तिच्यापर्यंत ती त्याच रूपात पोहोचेल याची खात्री नाही.

सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ तू पाहिलं असशील. एका हातात दिवा धरून दुसऱ्या हाताने त्याची ज्योत झाकत उभी असलेली, बोटांतून प्रकाश झिरपतोय अशी तरुणी. पुष्कळ लोक ते चित्र राजा रविवर्म्याचं समजतात. ते १९४०च्या दशकातलं जलरंगातलं काम आहे, आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी हळदणकरांची स्वतःची मुलगी गीता उभी राहिली होती. बापासमोर लेक दिवा धरून उभी आहे, दोघांनाही माहीत आहे काय चाललंय. ते चित्र बघताना जो निवांतपणा वाटतो, त्यात या गोष्टीचाही वाटा आहे असं मला कायम वाटत आलंय. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे, म्हणजे तुझ्या मैत्रिणीच्या शेजारगावचे. हे तिला कधीतरी जरूर सांग, बोलायला छान विषय आहे.

दुसऱ्या बाजूचं एक उदाहरण देते. माझ्या वर्गात एक बाई येत असत. एकदा त्या भलं मोठं तैलचित्र कागदात गुंडाळून घेऊन आल्या. कॉलेजात असताना त्यांना कुणीतरी दिलेलं त्यांचंच पोर्ट्रेट. चित्र वाईट नव्हतं, केसांचं काम तर सुरेख होतं. ‘हे मी टाकू शकत नाही आणि घरात लावूही शकत नाही. तुमच्याकडे ठेवाल का?’ असं त्यांनी विचारलं. चार घरं बदलताना त्यांनी ते कपाटामागे ठेवून ठेवून नेलं होतं. ज्याने ते दिलं त्याच्याबद्दल त्यांच्या मनात राग नव्हता. पण त्याच्या कष्टांचं ओझं त्या इतकी वर्षं वाहत होत्या. तेव्हापासून प्रेमाच्या भेटीसाठी पोर्ट्रेट करून मागणाऱ्याला मी आधी विचारते, ‘त्या व्यक्तीला माहीत आहे का?’ नाही म्हटलं, तर ते काम घेत नाही.

तिचा चेहरा काढावासा वाटतोच, तर काढ. आठवणीतून, पेन्सिलीने, स्वतःच्या वहीत. मन मोकळं होतं, हातही बसतो. फक्त ती वही तुझी, ती कुणाला दाखवायची नाही.

आता तुझे दोन पर्याय. ऑइल दीड महिन्यात नवख्याला झेपणारं नाही. जवसाच्या तेलातले रंग वरून सुकायलाच कितीतरी दिवस घेतात, जाड थर आतून सुकायला महिने जातात, आणि वॉर्निश साधारण सहा महिने थांबून लावतात. जूनच्या दमट हवेत तर बघायलाच नको. शिवाय टर्पेंटाइनचा वास पीजीच्या खोलीत भरून राहील. वारलीबद्दल मात्र जरा थांब. ती सोपी दिसते, सोपी नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस होतो, पण ती माणसं नाचायला लागली पाहिजेत, आणि त्यासाठी रेषेत जे बळ लागतं ते वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या कामात बघ. आणि तुझ्या बाबतीत मोठी अडचण पुढेच आहे. इंटरनेटवर जे सुंदर चौकोनी वारली चित्र सारखं दिसतं, मध्ये पालघट देवी आणि भोवती नक्षीची चौकट, तो लग्नाचा चौक आहे. लग्नघरी भिंतीवर गेरूच्या सारवणावर तांदळाच्या पिठाने तो काढतात, आणि काढतात सवाष्ण बायका. तू नेमका तोच उतरवून तिला दिलास, आणि तिला किंवा तिच्या घरच्यांना अर्थ माहीत असला, तर नको ते सांगून बसशील.

मग काय काढावं? तिच्या जगातली एखादी वस्तू, जी तुमच्या दोघांची नाही, फक्त तिची आहे. ‘आपण पहिल्यांदा भेटलो तो कट्टा’ नको, कारण त्यात तू आलास. तिच्या आजीचं घरही मी टाळेन. ते तिने तुला एकट्याला कधीतरी सांगितलेलं असणार, आणि घराचा फोटो मिळवायला तू तिच्या नातेवाइकांपर्यंत जाणार. इतकं खोल जाऊ नकोस. ती वेंगुर्ल्याची आहे आणि आत्ता एप्रिल संपतोय. मी तुझ्या जागी असते तर रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, काढले असते, तिच्याकडची भिरंडां. कोकणातून पुण्यात आंबा घेऊन येणारे बरेच असतात. एखाद्याला सांगून ठेव, मेमध्ये पेटीबरोबर पसाभर आणून देईल. देठापानांसकट आण म्हणावं. फोटोवरून करू नकोस. प्रत्यक्ष फळ टेबलावर ठेवून केलेल्या चित्रात जे येतं ते फोटोवरून येत नाही, आणि नवख्याला तर समोरची वस्तूच जास्त सांभाळून घेते. ताजे रातांबे फार दिवस टिकत नाहीत, तेव्हा आणलेस की त्याच आठवड्यात बसायचं.

आकार लहान ठेव. पाच बाय सात इंचांचं चित्र, भोवती पांढरा माउंट (मध्ये खिडकी कापलेला जाड बोर्ड), बाहेरचं माप आठ बाय दहा. या मापाच्या तयार फ्रेम कुठेही मिळतात, त्यामुळे लावायची की नाही ते तिचं ती ठरवू शकते. तू फ्रेम करून देऊ नकोस. पीजीत भिंतीला खिळा मारू देत नाहीत, आणि माउंटमधलं चित्र पुस्तकातही राहतं, टेबलावर टेकवूनही राहतं. दोन फुटांच्या चित्राला जागा करावी लागते. तू तिच्याकडे जागा मागू नयेस, असं मला वाटतं.

सामान थोडंच लागेल, पण कागदावर काटकसर नको. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड), शंभर टक्के कॉटनचा, कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खरबरीत कागद घे. एका मोठ्या कागदातून सरावाचे आणि शेवटच्या चित्राचे तुकडे आरामात निघतात. स्वस्त कागदावर रंग बसत नाही, आणि आपल्याला वाटतं हात वाईट आहे. पाकळ्या घातलेला सजावटीचा हातकागद मोहात पाडेल, पण त्यातले बरेचसे पाणी टिपकागदासारखं ओढून घेतात. पाकिटासाठी तो सुरेख, चित्रासाठी नको. ब्रश दोन, गोल सहा आणि दहा नंबरचे. सरावाला शाळेच्या ट्यूबा चालतील.

शेवटच्या चित्राला मात्र चांगले रंग घे, आणि इथे लाल रंगाची गोष्ट नीट समजून घे. रातांब्याचा गडद लाल दिसला की नवशिक्याचा हात अलिझरिन क्रिमसनकडे जातो. दिसतो अगदी तसाच, पण जुना अलिझरिन, ट्यूबच्या मागे ‘पीआर ८३’ हा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला, पातळ थरात उजेडाने विटतो. झगझगीत ऑपेरा गुलाबीही तसाच उडतो. माझ्या वर्गाच्या खिडकीत रंगांची एक पट्टी चिकटवलेली असते. अर्धी उघडी, अर्धी काळ्या कागदाखाली झाकलेली. वर्षाने कागद काढला की झाकलेला भाग तजेलदार असतो आणि उघड्या भागातला अलिझरिन फिकटलेला दिसतो. म्हणून तू क्विनाक्रिडोन रोझ घे, त्याचा क्रमांक ‘पीव्ही १९’. त्याच्या जोडीला लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि थॅलो ब्लू. सहा ट्यूबांत काम होतं. काळा आणि पांढरा पेटीतच राहू दे.

तुझा हात शाळेत पोस्टर कलरवर तयार झालाय, आणि त्यामुळे पहिले काही दिवस गोंधळ होईल. पोस्टरमध्ये आपण गडद भाग भरून वर पांढरा ठिपका देतो. जलरंगात ती चमक म्हणजे कोरा कागद. ती आधी ठरवायची आणि शेवटपर्यंत जपायची. रातांब्याची साल गुळगुळीत असते, त्यामुळे खिडकीचं प्रतिबिंब त्यावर लहान आणि धारदार पडतं. पेन्सिलीने त्याची सीमा अगदी पुसट आखून घे. पहिला थर रोझ आणि थोडा लेमन मिळून होणारा नारिंगी लाल, सगळ्या फळावर, चमक सोडून. पूर्ण सुकू दे. हात लावल्यावर गार लागला तर अजून ओल आहे. दुसरा थर नुसता रोझ, सावलीच्या बाजूने सुरू करून उजेडाकडे ओल्या ब्रशने विरवत आणायचा. तिसऱ्या थरात रोझमध्ये अल्ट्रामरीन मिसळ, म्हणजे पिकलेल्या फळाचा तो जांभळट काळेपणा येतो. हा थर एका हातात, न घोटता लाव; परत परत घासलंस तर खालचा रंग उठून चिखल होईल. सावलीच्या अगदी कडेला एक बारीक उजळ पट्टी दिसेल, टेबलावरून उलटून आलेला उजेड. ती सोड, तिच्यामुळेच फळ गोल दिसतं. देठाशी चार छोट्या पाकळ्यांसारखी टोपी असते, ती सगळ्यात शेवटी, ब्रशच्या टोकाने. पानांचा गडद हिरवा थॅलो ब्लू, बर्न्ट सिएना आणि चिमूटभर लेमन यातून निघतो. ट्यूबमधला हिरवा वापरलास तर पानं प्लास्टिकची दिसतात.

एक रातांबा फोडून ठेव. आतला पांढरा गर आणि सालीची लाल कड यामुळे चित्राला जीव येतो, आणि कोकणातल्या माणसाला ते बघून तोंडाला पाणी सुटतं. तीन फळं, एक फोडलेलं, दोन पानं. यापेक्षा जास्त भरू नकोस. मागे भिंत, कापड काही नको, कागदाचा पांढरा राहू दे. फळांखालच्या सावलीत थोडा लाल मिसळला की ती जमिनीवर टेकलेली वाटतात.

मेचे पहिले दोन आठवडे नुसता सराव कर, आधी लिंबू-टोमॅटोवर, मग रातांब्यांवर. शेवटचं चित्र एकदाच करायचं असं ठरवू नकोस. तीन-चार कर, त्यातलं तुला बरं वाटेल ते दे.

सही उजव्या कोपऱ्यात, बारीक, नुसतं नाव आणि साल. मागे पेन्सिलीने ‘रातांबे, जलरंग’. ‘तुझाच’ नको, चारोळी नको, लपवलेलं अक्षर नको, पानांच्या शिरांत तिचं नाव तर मुळीच नको. असल्या खुणा काढताना गोड वाटतात, पण सापडल्या की सगळं चित्रच पुन्हा तो दिवाळीतला प्रश्न होऊन बसतं. सोबत पत्र द्यायची इच्छा होईल. लिही, आणि आपल्याकडेच ठेव. वाढदिवसाच्या कार्डावर बाकीचे जे लिहितील तेवढंच तूही लिही.

देताना सगळ्यांसमोर उघडायला लावू नकोस, आणि एकटीला बाजूला बोलावूनही देऊ नकोस. बाकीच्या भेटींबरोबर पाकीट हातात दे, पुढे बोलायला लाग. किती रात्री जागलास, रातांबे कुठून मिळवलेस, हे सांगू नकोस. कष्ट सांगितले की समोरच्याला ते फेडावेसे वाटतात, आणि तिने फेडण्यासारखं यात काही नाही. नंतर ‘लावलंस का?’ हेही विचारू नकोस. तिने स्वतःहून विचारलं, ‘हे तू काढलंस?’ तर खुशाल सांग, रंगांबद्दल हवं तेवढं बोल.

हे सगळं वाचून कदाचित तुला वाटेल, मग माझ्या भावनेचं काय? ती तीन फळं नीट बघून, नीट रंगवताना तू जे करशील, त्यात ती आहेच. तिच्या गावचं फळ तू मन लावून बघितलंस, ते विटू नये म्हणून रंग निवडलेस, तिच्या टेबलावर मावेल एवढं माप घेतलंस. ही काळजी खरी आहे आणि ती तुला मनसोक्त घेता येते. तिने ती ओळखली पाहिजे असं मात्र नाही. चित्र देताना मनात ‘कदाचित हे बघून तिचं मत बदलेल’ असं असेल, तर ते चित्र स्वतःकडे ठेव आणि तिला एखादं चांगलं पुस्तक दे. मी हे कडवटपणाने सांगत नाही. आशा मनात ठेवून दिलेल्या भेटीनंतरचे दिवस फोनकडे बघण्यात जातात, आणि मग मैत्रीही अवघड होते. अशी मुलं मी वर्गात पाहिली आहेत.

शेवटी पावसाचं. जूनमध्ये चित्र ओलं होण्यापेक्षा त्याला बुरशी लागण्याची भीती जास्त. पूर्ण सुकल्यावरही एक दिवस पंख्याखाली ठेव, मग बटरपेपर, मग माउंट, मागे जाड पुठ्ठा, आणि बाहेरून प्लास्टिकचं पाकीट. माउंटचा बोर्ड ॲसिड-फ्री माग, साधा पुठ्ठा काही वर्षांनी कागदाला पिवळा डाग पाडतो. चित्र माउंटला वरच्या कडेला दोनच ठिकाणी कागदी टेपने अडकव, साधा सेलोटेप नको. तिने पुढे फ्रेम केलीच तर माउंटच्या जाडीमुळे काच चित्राला टेकणार नाही, आणि वेंगुर्ल्याच्या पावसातही ते तग धरेल. दुसऱ्या थरापर्यंत आलास की फोटो पाठव. तिसऱ्या थरात अल्ट्रामरीन किती घ्यायचा, ते तुझा लाल बघूनच सांगता येईल.